‘तिथं शिजवतं कोण?’ विचारणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. जोडाक्षराशी अडली तर तिला रागवू नका. चौथीच्या गणपतीपर्यंत तिला मीच शिकवलंय, म्हणजे दोष माझ्याकडे येतो.

खरं तर हे समोर बसून सांगायला हवं होतं. माझ्या बदलीच्या निरोप समारंभात माइक हातात होता, तेव्हाही सांगता आलं असतं. पण तुम्ही मागे मठ्ठ्याला फोडणी देत होतात, आणि मी ‘सर्व ज्ञात-अज्ञात ग्रामस्थांचे आभार’ म्हणून मोकळी झाले. आता चार माणसांत लिहितेय, कारण चूकही चार माणसांतच केली होती.

‘माझी शाळा, सुंदर शाळा’मध्ये आपला तालुक्यात तिसरा नंबर आला, तेव्हाची बातमी आठवते ना? आतल्या पानावर चौकट, चौकटीत फोटो. मी, मुख्याध्यापक सर, सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. खाली नावं. नंतर मी ती मोजली, चौदा होती. तुमचं, शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं, नव्हतं. तरी तुम्ही ते कात्रण मागून घेतलंत, स्वयंपाकखोलीत मिठाच्या बरणीच्या वर भाताच्या खळीनं चिकटवलंत, आणि सिलिंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा ‘ह्या आमच्या बाई’ म्हणून माझ्यावर बोट ठेवून दाखवलंत.

मावशी, तो मजकूर पेपरवाल्यांनी लिहिलेला नव्हता. मी लिहून व्हॉट्सॲपवर पाठवला होता. चौदाही नावं मीच टाइप केली होती.

मुद्दाम वगळलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सुचलंच नाही, आणि मला लागतं ते हेच. तपासणीला आलेली मंडळी वर्गात दहा मिनिटं होती आणि तुमच्या परसबागेत अर्धा तास. हात धुवायच्या नळाचं पाणी चरातून शेवग्याला वळवलेलं, कुंपणावर दोडक्याचा वेल, फुटक्या बादलीत पुदिना. त्यातल्या एका बाईंनी कढीपत्त्याची डहाळी मागून पर्समध्ये टाकली. मी त्यांना फळ्याशेजारचे तक्ते दाखवायला धडपडत होते.

२०१८ ला शिक्षकांच्या बदल्या पहिल्यांदा राज्यभर ऑनलाइन झाल्या आणि मोबाईलवर आपल्या शाळेचं नाव आलं. जुन्नरच्या पश्चिमेला, एसटी जिथं वळून परत फिरते तिथून पुढे चाल. पहिल्या दिवशी पटावर अकरा मुलं. मी मनात हिशेब मांडून बसले होते: तीन वर्षं काढायची की बदलीचा अर्ज. वीसच्या आतल्या पटाची शाळा म्हणजे बंद होण्याची कायम टांगती तलवार. पुढे २०२३ मध्ये तसल्या शाळांची माहिती मागवणारं पत्र निघालं आणि लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा सगळा जिल्हा हादरला. आमच्यासारख्या वाडीवरच्या मास्तर-बाईंना ती भीती आधीपासूनच ओळखीची होती.

त्या पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत ते सांगते. मी हजेरी घेतली, नऊ हजर. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘धा जणांचं टाकते. एक येतोय. ओढ्यापाशी चप्पल अडकलीय त्याची.’ पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, हा सरकारी हिशेब. तुमच्याकडे त्यासाठी एक पोचे पडलेला पेला होता, त्यावर खिळ्यानं ओढलेली रेघ. रेघेपर्यंत भरला की एक पोर. दहावा पेला तुम्ही पातेल्यात ओतला आणि दहावं पोर एका हातात चप्पल घेऊन आलं.

पुढं सात वर्षं मी पाहत आले. तुमचा तांदूळ आणि माझी हजेरी जुळली नाही, तर तपासायची माझी हजेरी. कोण तापानं पडलंय, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची आई आवणीला दुसऱ्याच्या खाचरात गेलीय म्हणून धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबलीय, हे सगळं पेले भरता-भरताच तुमच्या डोक्यात तयार असायचं. थोरलीला तुम्ही निरोप धाडायच्या, ‘धाकट्याला घेऊनच ये.’ अंगणवाडीच्याही वयाचं नसलेलं एक पोर वर्षभर पहिलीच्या रांगेत मांडी घालून जेवलं. त्याचा पेला कोणत्या खात्यातून आला ते मी कधी विचारलं नाही. तुमच्या घरची इंद्रायणी असावी, कारण त्या दिवशीच्या खिचडीला वास वेगळा यायचा.

दिवाळीनंतर आपल्याकडची माणसं नारायणगावाकडे मजुरीला उतरतात. टोमॅटो, द्राक्षं, कांदा, मिळेल ते. पोरं बरोबर जातात, पट उतरतो, आणि फेब्रुवारीत आलेल्या साहेबाला रिकाम्या सतरंज्या दिसतात. मी आणि सर घरोघर जाऊन सांगायचो, शिक्षणाचा हक्क, कायदा, पोराचं भविष्य. माणसं मान डोलवायची आणि सोमवारी पोरांसकट जायची. तुम्ही एकदा आमच्याबरोबर आलात. कायदाबियदा काही काढला नाहीत. एवढंच म्हणालात, ‘दुपारचं माझ्याकडं, संध्याकाळचं आजीकडं. आजीला होत नसंल तर तेबी माझ्याकडं. तू जा.’ त्या वर्षी चार पोरं मागे राहिली. पुढच्या वर्षी सात. हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव कसे करायचे यावर मी एक अख्खं प्रशिक्षण घेतलं होतं. तुमच्या पडवीत सात गोधड्या मी स्वतः मोजल्या आहेत.

कोरोनात शाळेला कुलूप लागलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं वरून आलं, आणि आपल्याकडे रेंज पकडायला टेकडीवरच्या दगडावर उभं राहावं लागायचं. खिचडीऐवजी कोरडा शिधा पालकांना वाटायचा आदेश आला तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘तांदळाची पिशवी घरोघर जाणारच हाय, तर तुमचा कागद तीत टाकला तर चालंल?’ मी झेरॉक्स काढून आणायची, तुम्ही तांदूळ-डाळीच्या पिशवीत घडी करून घालायच्या. पुढच्या खेपेला पिशवी नेताना सोडवलेला कागद परत आणायचा, ही अट तुमची. ‘कागद न्हाई तर डाळ न्हाई’ असं तुम्ही नुसतं म्हणायच्या, दिली सगळ्यांनाच. पण पोरांना ते खरं वाटायचं. हळदीचे डाग पडलेले ते कागद अजून माझ्या कपाटात आहेत. जिल्ह्याच्या एका बैठकीत मी या कल्पनेचं सादरीकरण केलं होतं, सोळा स्लाइड. टाळ्याही घेतल्या. तेव्हाही तुमचं नाव… असो. एका पत्रात किती कबुल्या द्यायच्या!

आपल्या चष्मेवाल्याबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय. त्यावरून मी पुढं शिकवायची पद्धत बदलली आणि अजून ते कुणाला सांगितलेलं नाही.

२०२१ च्या डिसेंबरात वर्ग पुन्हा भरले. तो तिसरीत होता. फळ्यावरचं वाचायला उठवलं की मुका. वहीत उतरवायला सांगितलं की शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, अध्ययन क्षती. दीड-पावणेदोन वर्षं शाळा नाही, पोरं अक्षरं विसरली, हे खरंच होतं. मी त्याला त्या रकान्यात टाकलं आणि पहिलीची बाराखडी पुन्हा गिरवायला दिली. बिचारा महिनाभर ‘क का कि की’ गिरवत बसला. मुकाट्यानं.

एक दिवस भांडी घासता-घासता तुम्ही म्हणालात, ‘बाई, त्या पोराला दिसत न्हाई.’

मी म्हटलं, दिसत नाही कसं, येतो-जातो, खेळतो.

‘आवं, सगळी पोरं ताटात बघून इचारत्यात, मावशी आज वाटाणा का हरभरा. ह्यो बोटानं चाचपतो आन् मंग खातो. आन् मी वाढाया लागले की डाव कुठं हाय ते बघत न्हाई, आवाजाकडं ताट धरतो.’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पंगतीत त्याच्यासमोर बसले. तुम्ही मुद्दाम डाव पातेल्याला न लावता, आवाज न करता पुढे केलात. त्याचं ताट जागचं हललं नाही.

आरोग्य तपासणीच्या पथकाची वाट न पाहता सर त्याला मोटारसायकलवर नारायणगावला घेऊन गेले. जाड भिंगांचा चष्मा आला. पहिल्या दिवशी तो वर्गात आला आणि फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसला. रागावणार होते. मग लक्षात आलं, समोरच्या डोंगरावरची झाडं त्याला पहिल्यांदाच सुटी-सुटी दिसत होती. मी खडू खाली ठेवला. त्या तासाला काही शिकवलं नाही.

चौदा वर्षांची नोकरी, डी.एड., बी.ए., प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं फाइलभर. मला ते पोर तीन फुटांवरून कळलं नाही. तुम्हाला वाटाण्यावरून कळलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी मी पंगतीत जेवायला बसते. नव्या शाळेतही बसते. इथल्या ताई अजून बिचकतात, त्यांना वाटतं मी चव तपासतेय.

तोच पोरगा पाचवीत शिष्यवृत्तीला बसला. पेपर दोन, प्रश्न पंचाहत्तर-पंचाहत्तर, गुण तीनशे. उत्तरपत्रिका गोल काळे करण्याची. आपल्या पोरांना गणित यायचं, पण गोल चुकायचे. एक प्रश्न सुटला की पुढचे सगळे एका घराने सरकायचे. सराव द्यायचा तर रोज पाच कोऱ्या उत्तरपत्रिका, आणि झेरॉक्स मशीन बावीस किलोमीटरवर. तुम्ही डाळ पाखडत बसला होतात. म्हणालात, ‘पेनानं भरलं की कागद गेला. मसूर ठेवा की.’

मसूर! गोलाच्या आकाराचा, हलका, ठेवला की बसतो, चुकला की उचलता येतो. तीन महिने पाच पोरं पोटावर पडून दाण्यादाण्यानं उत्तरपत्रिका भरायची. मी तपासून झालं की कागद झटकायचा, पुन्हा कोरा. शेवटपर्यंत त्याच पाच उत्तरपत्रिका चालल्या. संध्याकाळी तुम्ही दाणे मोजल्यासारखे गोळा करून डब्यात टाकायच्या, ‘साठा रजिस्टरात मसूर कमी दिसाया नको, बाई.’ त्या वर्षीच्या मसुराच्या आमटीत किती बुद्धिमत्ता चाचण्या शिजल्या असतील!

२०२४ च्या फेब्रुवारीतला तो रविवार. परीक्षाकेंद्र लांब, पहिली गाडी चुकली तर खेळ खलास. पहाटे अंधारात तुम्ही पाचही पोरांना घेऊन फाट्यावर हजर होतात, फडक्यात दशम्या आणि लसणाची चटणी बांधून. पाचपैकी तीन पात्र ठरले, आणि चष्मेवाला शिष्यवृत्तीधारक. निकालाच्या दिवशी त्याची आई माझ्या पाया पडायला आली. मी तिला तुमच्याकडे पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही, पेढा खाल्ला.

आता जिल्ह्याच्या बातम्या. तुम्हाला आवडायच्या म्हणून मी दुपारी वाचून दाखवायचे. २०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली आणि खेडमधली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या दहात आल्याचं कळलं. पुढे लोकांच्या मतांवर ठरणारा कम्युनिटी चॉइस पुरस्कारही त्यांनाच मिळाला. बंद पडायला टेकलेली वाडीवरची शाळा. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं गेले, गावानं खांदा दिला, पोरंच एकमेकांना शिकवतात, विषयमित्र म्हणतात त्यांना. याच गुरुजींनी आधी शिरूरची वाबळेवाडी नावारूपाला आणली होती. मी अगदी रंगून सांगत होते. त्याच्या आधी, २०२० मध्ये, सोलापूरच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी सोबतच्या नऊ शिक्षकांत वाटली, तेव्हाही असंच सांगितलं होतं. त्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, ‘वाटून खाल्लं, ब्येस केलं.’

जालिंदरनगरचं सगळं ऐकून घेतलंत, पदराला हात पुसलेत आणि विचारलंत, ‘तिथं शिजवतं कोण?’

मी हसले. नंतर रात्री मोबाईलवर शोधलं. मी वाचलेल्या बातम्यांत इमारत होती, गुरुजी होते, गावकरी होते, पोरांचे प्रकल्प होते. शिजवणारं कुणी सापडलं नाही. असणार तर नक्कीच, खात्रीनं असणार. मग आपल्या बातमीचं कात्रण आठवलं, आणि ती चौदा नावं.

त्याच वर्षी जिल्हा परिषदेनं आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीनं सहावी-सातवीच्या मुलांच्या परीक्षा घेऊन पंचवीस जणांना नासा पाहायला निवडलं. झेडपीची पोरं अमेरिकेला, आमच्या ग्रुपवर नुसता धुरळा. आपला चष्मेवाला तेव्हा केंद्रशाळेत सातवीत. तोही बसला होता. पहिल्याच चाळणीत राहिला. मला फोन केला नाही. तुमच्याकडे आला, असं नंतर कळलं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पाच किलोमीटर चालत, आणि तुम्ही त्याला पातेल्याच्या तळाची खरवड काढून दिलीत. काय बोललात विचारलं तर म्हणालात, ‘काय बोलायचं? भूक लागलीवती त्याला.’

तुमच्या मानधनाचं लिहू नको असं सर म्हणाले. लिहिते. आधी महिन्याला दीड हजार, मग अडीच हजार, तेही वर्षातले दहा महिने, आणि तेही महिनोन्महिने अडकणार. माझा पगार एक तारखेऐवजी दहाला झाला की आम्ही शिक्षक संघटनेच्या ग्रुपवर आकाशपाताळ एक करतो. तुम्ही चार महिने एक शब्द न बोलता चूल पेटवलीत. चूलच म्हणते, कारण सिलिंडर संपल्यावर तुम्ही सरपण घरून आणायच्या. २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं, पोरं त्या दिवशी न चुकता यायची. २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबले. पुढचे कितीतरी शुक्रवार तुमच्या कोंबड्यांनी निभावून नेले. सगळ्यांना पुरायची नाहीत म्हणून तुम्ही ती खिचडीत फोडून ढवळायच्या, ‘सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं जातं.’

पट अकरावरून वाढत सव्वीसवर गेला, तेव्हा सगळ्यांत आधी आनंद झाला तो मला. वीसची तलवार गेली. पण सव्वीसचा अर्थ तुमच्यासाठी वेगळा होता. पंचवीसपर्यंत एक स्वयंपाकी, सव्वीसला दुसरी मदतनीस मिळते. वाडीवरची ती नवरा गेलेली सून, जिला मजुरीलाही कोणी बोलवत नव्हतं, तिला तुम्ही वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं, ‘एक पोर कमी हाय. ते झालं की तू.’ आणि सव्विसावं पोर कुठून आलं? डोंगरापलीकडच्या वाडीतून तुम्हीच आणलंत, मामाकडं राहायला लावून. आम्ही पट वाढवला म्हणून माझा आणि सरांचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नारळ तुम्ही फोडून खिचडीवर पेरलात.

तर हे आभार. उशिरा आहेत, आणि अजून बरंच राहिलंय ते मला माहीत आहे. नव्या शाळेतल्या पहिल्या बातमीत, छोटीच होती, वृक्षारोपणाची, मी इथल्या दोघी स्वयंपाकी ताईंची नावं घातली. संपादकांनी कापली. पुन्हा पाठवीन.

एक शेवटचं. ते चव रजिस्टर. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. सात वर्षं मी ‘चव चांगली आहे’ लिहीत आले. खरंच असायची. फक्त माझ्या शेवटच्या दिवशी खिचडी खाली लागली होती, मावशी. चांगलीच करपली होती. तुम्ही पातेल्याकडे पाठ करून उभ्या होतात, पदर डोळ्यांना लावून, आणि धुराला नावं ठेवत होतात. गॅसवर धूर कसला?

मी ‘चव चांगली आहे’ लिहिलं आणि दोनदा वाढून घेतलं.

तुमच्या,
बाई